एका टेकचं सोवळं

गाण्याविषयी बोलताना आपल्याकडे एक वाक्य हमखास येतं : ‘एका टेकमध्ये ओके झालं होतं.’ हे ऐकलं की समोरचा आपोआप मान डोलावतो. गाणं कसं झालं, हा प्रश्न मग कुणी विचारत नाही. या वाक्याला एक जुळी बहीण आहे : ‘हल्ली काय, तुकडे जोडतात.’ हे म्हणताना ओठ जरा मुडपायचे असतात. पहिल्या वाक्यात सोवळं, दुसऱ्यात विटाळ. मला या दोन्ही वाक्यांविरुद्ध बोलायचं आहे.

मी स्वतः तुकडे जोडणाऱ्यांपैकी आहे. व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, भूममध्ये घरूनच काम करते आणि उरलेल्या वेळात घरातल्या एका खोलीत गाणी रेकॉर्ड करते. बहुतेक देवीची, आराध्यांची. त्या अनुभवावरून माझं म्हणणं सरळ आहे. अनेक टेकमधून एक गाणं जुळवणं ही लबाडी नाही. ती पाठशुद्धी आहे आणि तिची परंपरा मायक्रोफोनपेक्षा खूप जुनी आहे. लबाडी होते, पण ती वेगळ्या ठिकाणी होते. आणि ‘एका टेक’च्या गजरात ती जागा नेमकी झाकली जाते.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गायिका तेच गाणं चार-पाच वेळा गाते. प्रत्येक वेळचं गाणं म्हणजे एक टेक. रीपरसारख्या स्वस्तातल्या सॉफ्टवेअरमध्ये हे टेक पट्ट्यांसारखे एकाखाली एक दिसतात. मग ऐकत बसायचं. धृपद दुसऱ्या टेकमधलं चांगलं आहे, तिसरं कडवं चौथ्यातलं, शेवटची ओळ पहिल्यातलीच हवी. असं निवडत एक सलग पट्टी तयार करायची. जोडावर काही मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्यायचा, म्हणजे एक आवाज उतरतो तेव्हाच दुसरा चढतो. याला कॉम्पिंग म्हणतात. मी त्याला जुळणी म्हणते. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यांकडून उसना घेतलेला शब्द.

आता ‘एक टेक’ हे मूल्य कुठून आलं ते बघू. १९०२ साली फ्रेडरिक गैसबर्ग ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन कलकत्त्याला आला आणि गौहर जान त्याच्या कर्ण्यात गायली. तेव्हा आवाज मेणाच्या तबकडीवर कोरला जाई. सुई एकदा चालली की चालली. तबकडी परत वाजवून बघितली तर मेणातली रेघ खराब होई. दहा इंची तबकडीवर साधारण तीन मिनिटं मावत. चूक झाली की नवी तबकडी आणि पहिल्यापासून गाणं. जोडायला जागाच नव्हती. पुढे मुंबईच्या सिनेमा स्टुडिओंत गायिका आणि अख्खा वाद्यवृंद एकाच वेळी वाजू लागला. एका व्हायोलिनचा गज घसरला तरी सगळ्यांनी परत सुरुवात करायची. म्हणजे टेक तिथेही अनेक होते, निवडही होती. फरक एवढाच, की निवड अख्ख्या टेकची करावी लागे.

त्या गायक-गायिकांची तयारी अफाट होती, याबद्दल वादच नाही. पण एका टेकची सक्ती यंत्राची होती, कलेची नव्हती. आणि ती सक्ती निभावायला जे लागायचं त्याचे पैसे कुणीतरी भरत होतं : तालमी, पगारी वादक, दारं बंद झाली की रस्ता ऐकू न येणारी खोली, काचेपलीकडे बसलेला जाणकार माणूस. यंत्राची मर्यादा गेली. पैशाची आणि खोलीची गोष्ट विसरली गेली. उरलं ते फक्त सोवळं.

ही विसरलेली खोली भूममधून नीट दिसते. आमचं गाव खव्याचं. पहाटेपासून दुधाच्या गाड्या फिरतात, भट्ट्या पेटतात. रेल्वे नाही, पुणं दोनशे किलोमीटरच्या पलीकडे. माझ्या ‘स्टुडिओ’च्या भिंतींना वाकळा टांगलेल्या आहेत. छत पत्र्याचं, पाऊस आला की काम बंद. माइक चालू करायचा तर पंखा बंद करावा लागतो, आणि पंखा बंद केल्यावर किती मिनिटं गाता येतं हे मराठवाड्यात राहिलेल्याला सांगायला नको. शेजारच्या बोअरची मोटार, ट्रॅक्टरवरचा टेप, भोंगा लावून फिरणारी रिक्षा, आणि हे सगळं थांबलं की वीज. चार मिनिटांचं गाणं सलग आणि निर्विघ्न मिळणं हा इथे गायिकेच्या तयारीचा प्रश्न नसतोच. तो नशिबाचा असतो.

आमच्या गल्लीतल्या एक मावशी आराध्यांच्या मेळ्यात गातात. तुळजापूरच्या देवीची गाणी घटस्थापनेच्या आधी तयार हवी असतात, आणि नेमका तोच काळ सोयाबीन काढणीचा. दिवसभर शेतात वाकून, धूळ खाऊन त्या रात्री नऊला येतात. पहिल्या टेकमध्ये गळा उघडलेला नसतो. दुसऱ्यात उघडतो, पण तिसऱ्या कडव्याला कुत्री भुंकतात. तिसऱ्यात सगळं जमतं आणि शेवटच्या ओळीला खोकला येतो. अशा वेळी ‘एका टेकमध्ये झालं तरच खरं’ हा नियम लावला तर त्याचा अर्थ काय होतो? ज्यांच्याकडे दुपारची झोप आणि आवाज न येणारी खोली आहे त्यांचंच गाणं खरं.

आणि याच मावशी नवरात्रात जागराला रात्रभर गातात. माइक धड नसतो, समोर शेदोनशे माणसं, हातात झांज. तिथे ‘पुन्हा एकदा घेऊ’ म्हणायची सोय नसते. जी बाई रात्रभर सलग गाते तिला चार मिनिटांच्या एका टेकची परीक्षा द्यायला लावणारे आपण कोण?

बरं, हा ‘एकाच दमा’चा आग्रह आपल्या गाण्याच्या परंपरेतून आला असता तरी समजलं असतं. पण आपल्या परंपरेने दम नेहमी वाटूनच घेतला आहे. गोंधळात मुख्य गोंधळी ओळ टाकतो आणि झीलकरी ती उचलतात. ओळीचं शेपूट झीलकऱ्यांच्या गळ्यात गेलं की मुख्य गायकाला श्वास मिळतो. कीर्तनात बुवा थांबले की मागचे टाळकरी चाल धरून ठेवतात. ख्यालाच्या मैफलीत तानपुऱ्यावर बसलेले शिष्य बुवांचा स्वर सांभाळतात, मध्येच भरतात. जात्यावर दोघी बसल्या की ओवी एकीच्या तोंडून दुसरीच्या तोंडात जाते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या गेल्या. तो संग्रह चाळला तर दिसतं, की एकच कल्पना गावागणिक, बाईगणिक वेगळी होऊन येते. त्यातली ‘मूळ’ कोणती आणि ‘तुकडा’ कोणता, हा प्रश्न त्या बायकांना कधी पडला नसेल. एकच गळा, एकच श्वास, एकच निर्दोष आवृत्ती, हे वेड रेकॉर्ड विकायला लागल्यानंतरचं आहे.

मग अनेक आवृत्त्या हातात असताना एक चांगली आवृत्ती कशी तयार करायची, हा प्रश्न आपल्याकडे आधी कुणाला पडला? एकनाथांना. ज्ञानेश्वरीनंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी, हाती आलेल्या प्रतींत पाठभेद शिरलेले पाहून त्यांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, शुद्ध प्रत सिद्ध केली. या कामाला कुणी तुकडे जोडणं म्हटलं नाही. आणि काम संपवताना नाथांनी एक ताकीदही दिली. तिचा आशय असा, की या ग्रंथात जो स्वतःची ओवी घुसवील त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवली असं समजा. माझ्या मते ध्वनिमुद्रणाच्या नीतीवर मराठीत याहून नेमकं काही सांगितलं गेलेलं नाही. आहे त्यातून निवडा, ताडून पाहा, जुळवा. पण आपलं काही घालू नका.

तेच काम पुढे पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताबाबत केलं. १९१९ मध्ये हाती घेतलेली चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. त्यासाठी १,२५९ हस्तलिखितं ताडली गेली. तिथे आणखी एक पथ्य पाळलं गेलं. जो पाठ निवडला तो वर, आणि जे सोडले ते खाली तळटीपांत. वाचकाला निवड पटली नाही तर त्याने स्वतः पाहावं.

आमच्या धंद्यातही हाच नियम आहे. दोघांनी वेगवेगळं लिहिलेला कोड एकत्र केला की कुणी, केव्हा, काय जोडलं याची नोंद राहते. जोडणं हा गुन्हा नाही. नोंद पुसणं हा आहे. आणि हे पुस्तकी वाटत असेल तर भूमच्या भाषेत सांगते : आमच्याकडे अनेक घरांचं दूध एका कढईत आटतं. त्याला कुणी भेसळ म्हणत नाही. भेसळ म्हणतात ती खव्यात पीठ मिसळल्यावर.

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. ‘जे गाणं सलग कधी गायलंच गेलं नाही ते ऐकवणं ही फसवणूक नाही का?’ याचं उत्तर ग्लेन गूल्ड या कॅनेडियन पियानोवादकाने फार पूर्वी दिलं आहे. १९६४ मध्ये त्याने जाहीर मैफली सोडल्या आणि स्टुडिओतच राहिला. १९६६ मधल्या एका लेखात त्याने बाखच्या एका फ्यूगची गोष्ट सांगितली. सहावा आणि आठवा, असे दोन टेक निर्दोष होते. पण एक सुरुवातीपासून शेवटपर्यंत गंभीर, दुसरा सुरुवातीपासून शेवटपर्यंत चपळ. दोन्ही एकसुरी. म्हणून त्याने सुरुवात आणि शेवट एका टेकमधून घेतले, मधला भाग दुसऱ्यातून. तयार झालं ते दोन्हींपेक्षा चांगलं होतं. रेकॉर्ड म्हणजे मैफलीची साक्ष नव्हे. ती स्वतंत्र वस्तू आहे, हे त्याला कळलं होतं. ओठांपासून वीतभर अंतरावरच्या माइकमधून आलेला आवाज कुणी जागराच्या गर्दीत ऐकलेला असतो का? रेकॉर्डिंग पहिल्या क्षणापासून ‘न घडलेलं’च असतं. फसवणूक तेव्हा होते, जेव्हा जुळवलेल्या गाण्यावर कुणी ‘एका टेकमध्ये’ असा शिक्का मारतं. म्हणजे लबाडीसुद्धा या सोवळ्यामुळेच जन्माला येते.

दुसरा आक्षेप मला जास्त मान्य आहे. गाण्याला चढ असतो. पहिल्या कडव्यातला आवाज चौथ्या कडव्याकडे जाताना तापत जातो, आणि वेगवेगळ्या टेकमधले तुकडे जोडले तर तो ताव मोडतो. खरं आहे. पण हा वाईट जुळणीवरचा आक्षेप आहे. चांगल्या सुताराला लाकडाची शीर कळते, तशी जुळणाऱ्याला गाण्याची शीर कळली पाहिजे.

आराध्यांच्या गाण्यात लय शेवटाकडे वाढत जाते. घड्याळासारख्या क्लिकला बांधलं तर गाणं मरतं. मोकळं सोडलं तर प्रत्येक टेकची लय वेगळी होते आणि तुकडे बसत नाहीत. म्हणून आधी गायिकेच्या कच्च्या आवाजासोबत संबळ-तुणतुणं सलग वाजवून घ्यायचं, लय त्यांना हवी तशी चढू द्यायची, आणि मग त्याच वाजवण्यावर गाण्याचे टेक घ्यायचे. चढ संबळात जपला जातो. टेक चारपाचच्या वर घ्यायचे नाहीत, कारण त्यानंतर गळा थकतो आणि कानही. यांतला जो सलग ऐकताना सगळ्यात जिवंत वाटतो तो पाया. बाकीच्यांतून फक्त डागडुजी. कापायचं ते श्वासावर, कडव्यांच्या मधल्या जागेत. फारच अडलं तर क, ट, त, प यांच्या आधी. हे वर्ण उच्चारताना तोंड क्षणभर मिटलेलं असतं आणि त्या क्षणभराच्या शांततेत जोड लपतो. ताणलेल्या स्वरात, मींडेत कात्री चालवायची नाही. तिथला जोड अडाणी कानालाही कळतो.

तिसरा आक्षेप आळसाचा : ‘अशाने गायक रियाज सोडतील.’ माझा अनुभव उलटा आहे. स्वतःचे चार टेक एकापाठोपाठ ऐकायला मिळणं ही आतापर्यंत फक्त मोठ्या कलाकारांना परवडणारी चैन होती. मावशींनी स्वतःचं गाणं असं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांनाच कळलं, की चौथ्या कडव्यात शब्द जास्त भरल्यामुळे श्वास पुरत नाही. पुढच्या खेपेला त्यांनी कडवं बदलून आणलं. ते मला सुचलं नसतं.

इथे मी माझ्या खऱ्या तक्रारीकडे येते. कारण जुळणीच्या नावाखाली जे वाईट चालतं ते मला चांगलं माहीत आहे. याच मावशी एकदा एका शहरातल्या स्टुडिओत गाऊन आल्या होत्या. तासाचे पैसे ठरलेले. घाईघाईत तीन टेक घेतले आणि ‘बाकी आम्ही बघतो’ म्हणून त्यांना घरी पाठवलं. नंतर जे गाणं आलं त्यात प्रत्येक स्वर ट्यूनरने पट्टीसारखा सरळ केलेला होता. श्वास सगळे कापलेले. ‘आई’ म्हणताना त्या स्वराला जो खालून हेलकावा देतात तो चूक समजून पुसलेला. मावशींनी मोबाइल कानाला लावून ते ऐकलं आणि विचारलं, “ही कोण बाई गातीया?”

या प्रश्नात सगळं आलं. तिथेही तुकडे जोडले होते आणि माझ्या खोलीतही जोडले जातात. फरक कात्रीचा नाही. कात्री चालत असताना गायिका कुठे होती, याचा आहे. कोणता ‘आई’ ठेवायचा हे गाण्याचं काम आहे, आणि ते गाण्याबाहेरच्या माणसाने गायिकेच्या पाठीमागे केलं तर पैसे तिने भरले असले तरी गाणं तिचं राहत नाही. ट्यूनर जेव्हा न गायलेला स्वर तिच्या तोंडी घालतो तेव्हा ती नाथांनी सांगितलेली करवंटी असते. आणि आता तर थोड्याशा नमुन्यावरून कुणाचाही आवाज बनवून देणारी साधनं आली आहेत. उद्या मावशींना गायला बोलवायचीही गरज उरणार नाही. त्यांच्या आवाजात, त्या कधी न म्हणालेल्या ओळी बाजारात येतील. त्या दिवशी ‘एका टेकमध्ये झालं का?’ या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल. यंत्राला दुसरा टेक लागतच नाही.

श्वास कापण्याचं तर मला कोडंच वाटतं. क्षयाने ग्रासलेले कुमार गंधर्व १९४८ च्या सुमारास देवासला आले आणि त्यानंतर काही वर्षं गाऊ शकले नाहीत. परत गाऊ लागले ते अधू फुफ्फुसानिशी. लांब ताना बाजूला पडल्या आणि छोट्या, झेपावणाऱ्या, मध्येच थांबणाऱ्या वाक्यांचं एक नवं गाणं उभं राहिलं. त्या थांबण्यांवर गेली कित्येक दशकं मराठी रसिक बोलत आले आहेत. तोच रसिक एखाद्या शेतमजूर बाईच्या गाण्यातला श्वास ऐकून ‘रेकॉर्डिंग जरा रॉ आहे’ म्हणतो. रेकॉर्डिस्ट ते ऐकतो आणि कात्री उचलतो.

तेव्हा सोवळंच पाळायचं असेल तर ही तीन पथ्यं पाळा. एक : जुळणीत फक्त त्या गायिकेने गायलेलंच येईल, बाहेरचं काही नाही. दोन : निवड करताना ती शेजारी बसलेली असेल आणि शेवटचा शब्द तिचा असेल. याला वेळ लागतो, तासाच्या भावात ते बसत नाही, हे मला माहीत आहे. पण मग तासाचा भाव बदला, गायिका बदलू नका. तीन : सगळे टेक जपून ठेवायचे आणि त्यांची प्रत तिला द्यायची. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला एका मिनिटाचा मोनो आवाज सुमारे साडेआठ एमबी होतो. चार मिनिटांचे पाच टेक पावणेदोनशे एमबीच्या आत बसतात. लग्नाच्या व्हिडिओला आपण याच्या कितीतरी पट जागा देतो. उद्या तिच्या नातीला वेगळी निवड करावीशी वाटली तर तिच्या हातात तळटीपा असतील.

ही पथ्यं पाळून दहा ठिकाणी जोडलेलं गाणं मला, गायिकेला न विचारता घासूनपुसून सरळ केलेल्या सलग टेकपेक्षा खरं वाटतं. ज्यांना हे पटत नाही त्यांनी खुशाल वाद घालावा. फक्त यापुढे कुणी ‘एका टेकमध्ये ओके’ म्हणालं, की मान डोलवण्याआधी एक प्रश्न विचारा : खोली कुणाची होती आणि तासाचे पैसे कोण भरत होतं?